शाळेतली खिचडी: तीन किलो तांदळापासून अंड्यापर्यंत

१५ ऑगस्ट १९९५ रोजी केंद्राची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली, तेव्हा बहुतेक राज्यांत शाळेत कुणी जेवतच नव्हतं. महिन्यात ८० टक्के हजेरी भरली की प्राथमिक शाळेतल्या मुलाला तीन किलो तांदूळ किंवा गहू मिळायचा. पिशवी घरी गेली की तो तांदूळ सगळ्यांच्या भातात मिसळायचा, आणि ज्याच्या नावावर तो आला त्याच्या ताटात त्यातला घासभरच जादा पडायचा. हजेरी सुधारावी हा हेतू ठीक होता. पण मुलाने काय खावं, कसं खावं, हे या पिशवीतून शिकवलं जाणं शक्य नव्हतं.

शिजवून वाढायची कल्पना नवी नव्हती. मद्रास महापालिकेने १९२० च्या दशकातच गरीब मुलांना शाळेत जेवण दिलं होतं. मुख्यमंत्री कामराजांनी १९५६ मध्ये ते राज्यभर नेलं आणि पुढे मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी १९८२ मध्ये त्याला मोठं रूप दिलं. बाकी देशाला तिथवर यायला न्यायालय लागलं. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी आदेश दिला: कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या, रोज किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षाला किमान २०० दिवस. महाराष्ट्रातही मग तांदूळवाटप मागे पडलं आणि शाळेत चूल पेटली. पदार्थ खिचडी, कारण एका पातेल्यात होते आणि वाढायला सोपी.

न्यायालयाच्या २००४ च्या आदेशात स्वयंपाकी आणि मदतनीस नेमताना दलित व आदिवासींना प्राधान्य द्या, असं आलं. पोषणाच्या तक्त्यात ही ओळ बसत नाही, पण एका पंगतीला बसून कुणाच्याही हातचं खाणं ही सवयसुद्धा शिकवावीच लागते. काही गावांत पालकांनी त्यावरून मुलांना जेवू दिलं नाही, यावरूनच तिची गरज कळते.

पुढे प्रमाणं वाढली. पहिली ते पाचवीसाठी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीसाठी ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. लहान मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. मोठ्यांसाठी हेच दीडपट. आकडे मांडून बघा: शंभर ग्रॅम तांदळाच्या ३४५ च्या आसपास कॅलरी, डाळीच्या सत्तरेक, तेलाच्या ४५. ४५० चा आकडा एवढ्यातच गाठला जातो. प्रथिनं तांदळातून सातेक ग्रॅम आणि डाळीतून साडेचार. बारा पुरे करायला भाजीचा हातभार लागतो. म्हणजे डाळ थोडी जरी कमी पडली तरी कॅलरी जेमतेम भरतात आणि प्रथिनं मात्र उणी पडतात. तांदळात लायसिन हा प्रथिनांचा एक घटक कमी असतो, तो डाळ भरून काढते. त्यामुळे पातळ, पिवळं पाणी झालेली खिचडी पोट भरते, पण काम अर्धंच करते.

शंभर मुलांच्या शाळेत हे रोज १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल होतं. सगळ्यात आधी गडबडते ती भाजी. भाव चढले की पाच किलोंतले तीन किलो बटाटेच होतात. चिरण्यातही गोम आहे. भोपळ्याची मोठी फोड मुलं हमखास ताटाच्या कडेला काढून ठेवतात. किसून घातला तर खातात, पण आपण भोपळा खाल्ला हे त्यांना कळतच नाही, आणि घरी पुन्हा नाक मुरडणं सुरू. नखाएवढी फोड बरी: दिसते, पण वेचून काढायचा कंटाळा येतो. नवी चव अंगवळणी पडायला ती आठ-दहा वेळा तरी समोर यावी लागते. दोन वेळा ताटात उरली म्हणून शेवगा बंद करणं ही घाई आहे.

१६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं दगावली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. वाढण्यापूर्वी किमान एका शिक्षकासह दोन-तीन मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्याची नोंद ठेवायची, हा नियम त्यानंतर सगळीकडे कडक झाला. चव नोंदवहीत रोज एकाच शाईने, एकाच वळणाची सही दिसली की काय समजायचं ते समजावं.

दरम्यान दुसरीकडून वेफर्स आणि शीतपेयं शाळेच्या फाटकापर्यंत आली होती. २०१७ मध्ये महाराष्ट्राने उपाहारगृहांतून असे पदार्थ हटवायला सांगितलं. २०२० च्या केंद्रीय नियमांनी जास्त मीठ, साखर आणि चरबीचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत विकायला मनाई केली. अंमल किती होतो, ते मधल्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या टपरीजवळ उभं राहिलं तरी दिसतं.

महाराष्ट्राने २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्यातून एकदा अंडं आणि न खाणाऱ्यांना केळं द्यायचं ठरवलं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे लहान मुलांच्या जेवणातल्या बारा ग्रॅमचा अर्धा वाटा. २०२४ च्या जूनमध्ये पंधरा पाककृतींची यादी आली: मसालेभात, चवळी खिचडी, मूग-शेवगा वरणभात, मटकीची उसळ, नाचणी सत्व, तांदळाची खीर. यादी उत्तम, पण ती करणाऱ्याने मटकी कधी भिजवली नसावी. मटकी आठ-दहा तास भिजते, मग फडक्यात बांधून दहा-बारा तास मोड यायला लागतात आणि थंडीत त्याहून जास्त. सोमवारी सकाळी उसळ शिजवायची तर रविवारी दुपारी भिजवायला हवी, आणि रविवारी शाळेला कुलूप. जिथे स्वयंपाकीण मटकी घरी नेऊन भिजवते तिथेच सोमवारची उसळ होते. एरवी मोड न आलेलीच पातेल्यात जाते.

जानेवारी २०२५ मध्ये यादी कमी झाली आणि अंडा पुलाव, खीर, नाचणी सत्व ऐच्छिक ठरले. अंड्यांसाठी आणि साखरेसाठी राज्याचा वेगळा निधी नाही, हवं तर लोकसहभागातून करा, असं शाळांना सांगण्यात आलं.