मीठ बर्फाला तापवत नाही

हिवाळा आला की एक व्हिडिओ दरवर्षी फिरतो. युरोपातल्या कुठल्याशा हमरस्त्यावरून ट्रक चाललेला असतो आणि मागच्या फिरत्या तबकडीतून मिठाचा सडा पडत असतो. गोव्यातली बरीच माणसे आज इंग्लंडात, विशेषतः स्विंडनला असल्यामुळे तो आपल्या घराघरांत पोचतो. सोबतचा मजकूरही ठरलेला: ‘मीठ उष्ण असते, म्हणून बर्फ वितळतो.’

हे साफ चूक आहे. मीठ विरघळताना उष्णता देत नाही, उलट थोडी शोषून घेते. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा घ्या, दोन मुठी खडे मीठ घालून ढवळत राहा. थोड्या वेळात पेल्याच्या बाहेरच्या अंगाला पांढरे हिमकण धरतात. आपल्या दमट हवेत तर भराभर. आत तापमान शून्याखाली दहा-पंधरा अंशांपर्यंत उतरलेले असते. पॉट आइस्क्रीम याच थंडीवर गोठते.

दृष्ट काढताना हेच खडे मीठ निखाऱ्यावर तडतडते आणि ‘केवढी लागली होती!’ म्हणतात. आगरवाड्याच्या किंवा रायबंदरच्या मिठागरात खडा तयार होताना त्याच्या पोटात खारे पाणी अडकून राहते. आगीत त्याची वाफ होते आणि खडा फुटतो. कोणाच्या नजरेचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मग बर्फ वितळतो कशाने? शून्य अंशावर बर्फ आणि पाणी एकत्र असले की बर्फाच्या पृष्ठभागावर अखंड ये-जा चालू असते. काही रेणू बर्फातून सुटून पाण्यात जातात, तेवढेच पाण्यातून बर्फाला येऊन चिकटतात. रायबंदर आणि चोडणच्या धक्क्यांवरून फेरीबोटीने सारखीच माणसे ये-जा करत असावीत, तसे. आता रायबंदरच्या धक्क्यावर पलीकडे जायचेच नाही अशा लोकांची गर्दी झाली, तर तिकडून बोटीत चढणारे कमी होतील. चोडणहून येणारे मात्र पूर्वीइतकेच येत राहतील. मिठाचे आयन, म्हणजे विरघळल्यावर सुटे होणारे त्याचे विद्युतभारित कण, पाण्याच्या बाजूला हीच गर्दी करतात. बर्फाच्या स्फटिकात त्यांना जागा नसते. परतणारे रेणू घटतात, सुटणारे तेवढेच राहतात, आणि बर्फ कमी होत जातो. तोल पुन्हा साधतो तो आणखी खालच्या तापमानाला.

यात महत्त्व कणांच्या संख्येला आहे. एक किलो पाण्यात विरघळलेल्या कणांच्या प्रत्येक मोलमागे (मोल म्हणजे कण मोजण्याचे रसायनशास्त्रातले ठरावीक माप, जसे डझन) गोठणबिंदू सुमारे 1.86 अंशांनी उतरतो. 58.5 ग्रॅम म्हणजे एक मोल मिठाचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन मोल आयन होतात, म्हणून उतार जवळपास दुप्पट. किलोला 100 ग्रॅम मीठ घातले तर गोठणबिंदू साधारण उणे 6 अंशांवर येतो. साधे मीठ 23.3 टक्क्यांच्या द्रावणात उणे 21.1 अंशांपर्यंत नेते, त्याखाली नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर उणे 10च्या आसपासच ते मंदावते. तिथे कॅल्शियम क्लोराइड लागते. त्याचे तीन आयन होतात आणि ते विरघळताना खरोखरच उष्णता देते.

बर्फ वितळायला लागणारी उष्णता मात्र कुठून तरी यावीच लागते: किलोमागे 334 किलोज्यूल. मिठाच्या रस्त्यावर ती डांबर आणि हवा देतात. म्हणूनच साचलेला सगळा बर्फ मिठाने वितळवणे परवडत नाही. 10 सेंटीमीटर ताज्या हिमाचे चौरस मीटरला सुमारे 10 किलो पाणी होते. उणे 6 अंशांना ते सगळे वितळवायचे तर चौरस मीटरला किलोभर मीठ हवे. सात मीटर रुंद रस्त्याच्या एका किलोमीटरला सात टन! इंग्लंडात थंडीच्या रात्री आधीच टाकतात ते चौरस मीटरला 10 ते 20 ग्रॅम, दोन-चार चमचे. तेवढ्याने डांबर आणि बर्फ यांच्यामध्ये खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो, बर्फ रस्त्याला धरत नाही, आणि बर्फ हटवणाऱ्या गाडीच्या नांगराचे पाते तो सहज खरवडून नेते. झोजिला किंवा रोहतांगवर, जिथे बर्फाच्या भिंती माणसापेक्षा उंच असतात, तिथे सीमा सडक संघटनेला यंत्रांनीच तो कापून बाजूला टाकावा लागतो.

या चार चमच्यांचीही किंमत मोजावी लागते. काँक्रीट अल्कधर्मी असते, त्यामुळे आतल्या लोखंडावर संरक्षक पापुद्रा टिकतो. क्लोराइड आत झिरपले की तो फुटतो, गंज फुगतो आणि काँक्रीटला तडे जातात. जुलै 1986मध्ये मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला, त्यामागे पोलादाचा गंजच होता. समुद्राच्या खाऱ्या हवेपासून आपल्याला पूल जपावे लागतात. थंड देशांत तेच क्लोराइड माणसे स्वतःच्या हाताने पुलांवर टाकतात. शिवाय वितळलेल्या बर्फाबरोबर ते ओढ्या-तळ्यांत उतरते, गोड्या पाण्यातल्या जिवांना सोसत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी आता खड्यांऐवजी 23 टक्क्यांचे खारे पाणी हिमवर्षावाआधीच फवारतात. ते गाड्यांच्या चाकांनी उडून जात नाही आणि कमी मिठात काम भागते.