फाइल जड झालीय की इनडिझाइन?

इनडिझाइन या पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये कधीकधी टाइप केलेलं अक्षर उमटायला क्षणभर वेळ लागतो, पान सरकवलं की चित्रं तुकड्यातुकड्यानं रंगतात. अशा वेळी बहुतेक जण रॅम वाढवायच्या विचाराला लागतात. खर्च करण्याआधी एक कोरं डॉक्युमेंट उघडा, टेक्स्ट फ्रेम काढा आणि चार ओळी टाइप करा. हात सुरळीत चालला, तर दोष त्या फाइलचा. तिथंही अडखळलं, तर प्रोग्रॅमचा किंवा मशीनचा. वरून दोन्ही सारखंच दिसतं, पण एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही.

जास्त वेळा सापडते ती फाइलच. साधं 'सेव्ह' मारत राहिलं की जुना मजकूर आतच साठत जातो आणि फाइल फुगते. 'सेव्ह ॲज' केलं की ती नव्यानं लिहिली जाते आणि बऱ्याचदा तिथंच फरक पडतो. तेवढ्यानं भागलं नाही, तर आयडीएमएल (इनडिझाइनच्या फाइलचंच दुसरं रूप) एक्सपोर्ट करून ती उघडा आणि नव्या नावानं सेव्ह करा. आतला बिघाड पुष्कळदा यात गळून पडतो. मात्र यानंतर प्रत्येक पान नजरेखालून घाला, ओळी सरकलेल्या असू शकतात. लिंक केलेली चित्रं नेटवर्कवर असतील, तर सगळं पॅकेज करून, म्हणजे फाइल आणि चित्रं एका फोल्डरमध्ये गोळा करून, आपल्याच डिस्कवर आणून पाहा.

प्रोग्रॅम अडखळत असेल, तर आधी प्रेफरन्सेस रीसेट करा: विंडोजवर इनडिझाइन सुरू करताच कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट एकत्र दाबून धरायचे. आपली सेटिंग्ज पुसली जातात, म्हणून वर्कस्पेस आणि शॉर्टकट आधी टिपून ठेवा. बाहेरून टाकलेले प्लगइनही बंद करून पाहा.

खरी फसगत होते ती दोन्हींच्या मधे. लाइव्ह प्रीफ्लाइट ही छपाईआधी चुका दाखवणारी प्रोग्रॅमची सोय, पण ती सतत फाइल तपासत असल्यानं दोनशे पानांच्या पुस्तकात जाणवते आणि कोऱ्या डॉक्युमेंटमध्ये मुळीच नाही. डिस्प्ले परफॉर्मन्सही तसाच: 'हाय क्वालिटी'वर चित्रं पूर्ण तपशिलात रंगवावी लागतात, 'टिपिकल'वर हलकी प्रतिमा पुरते आणि छपाईत काहीच बिघडत नाही. ओळी कुठं तोडायच्या ते ठरवणारा पॅराग्राफ कम्पोझर एका अक्षराच्या बदलासाठी अख्खा परिच्छेद पुन्हा मांडतो. सिंगल-लाइन कम्पोझर हलका. देवनागरीसाठी यांतला कोणताही घेतला तरी त्याचा 'वर्ल्ड-रेडी' प्रकारच निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटतील. मोठ्या फाइलवर मी काम सुरू करताना प्रीफ्लाइट बंदच ठेवतो आणि छपाईला पाठवण्याआधी न विसरता चालू करतो.