फॅक्सयोग्य प्रतिमा रूपांतर

मोबाइलमधला जेपीईजी, वेबपी किंवा एचईआयसी फोटो फॅक्स यंत्राला वाचता येईल अशा निव्वळ काळ्या-पांढऱ्या फाइलमध्ये बदलण्याची क्रिया. अशी फाइल बहुधा टिफ स्वरूपाची असते आणि तिच्यातले संकोचन (माहिती दाबून लहान करणे) ‘ग्रुप ३’ (टी.४, १९८०) किंवा ‘ग्रुप ४’ (टी.६, १९८४) या मानकांप्रमाणे केलेले असते. साध्या टेलिफोन लाइनवर ग्रुप ३ चालतो.

कोकणात सरकारी पत्राच्या शीर्षावर फॅक्स क्रमांक अजून छापलेला दिसतो. पलीकडे यंत्र खरोखर चालू असेल, तर गावाहून व्हॉट्सअॅपवर आलेला सातबाऱ्याचा फोटो जसाच्या तसा त्यावर पाठवता येत नाही. आधी रुंदी १७२८ ठिपक्यांवर आणावी लागते, म्हणजे मिलिमीटरला साधारण ८ ठिपके. उभ्या दिशेने मात्र साध्या प्रतीत (स्पष्टतेच्या पातळीत) मिलिमीटरला ३.८५ ओळी, तर ‘फाइन’ प्रतीत ७.७ ओळी असतात. साध्या प्रतीसाठी उंची निम्मी केली नाही, तर कागद पलीकडे दुप्पट लांब निघतो. मोबाइलचा फोटो अनेकदा आडवाच साठवलेला असतो आणि तो फिरवण्याची सूचना वेगळी नोंदलेली असते. ती रूपांतरापूर्वीच अमलात आणावी.

सगळी मेख काळे-पांढरे करण्यात आहे. पावसाळ्यात पडवीत काढलेल्या फोटोत अर्धा कागद अंधारात असतो. एकच उंबरठा (ज्या उजेडाखाली ठिपका काळा धरायचा ती पातळी) लावला, तर ती बाजू काळीकुट्ट होते आणि उजेडातला तलाठ्याचा फिकट जांभळा शिक्का पार उडतो. म्हणून आजूबाजूच्या उजेडाप्रमाणे बदलणारा उंबरठा लावावा. जेपीईजी संकोचन ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटींत होत असल्याने अक्षरांच्या कडेला बारीक कचरा साचतो. तो पुसणारी गाळणी जपून वापरावी, कारण देवनागरीत ती अनुस्वारही पुसते आणि आंबोलीचे ‘आबोली’ होते. अर्धा मिलिमीटरचा अनुस्वार साध्या प्रतीत जेमतेम दोन ओळींत बसतो, तेव्हा मराठी मजकुरासाठी फाइन प्रतच घ्यावी.

कचऱ्याने वेळही जातो. ग्रुप ३ मधल्या मूळ ‘मॉडिफाइड हफमन’ संकोचनात सलग ठिपक्यांची लांबी सांकेतिक रूपात लिहितात. पूर्ण कोरी ओळ १७ बिटांत मावते. एक पांढरा, एक काळा अशी आलटूनपालटून ओळ आली, तर ७,७७६ बिट लागतात. एरवी न दाबलेली ओळ १,७२८ बिटांचीच असते! दर सेकंदाला ९,६०० बिटांच्या वेगाने अशा एका ओळीला पाऊण सेकंदाहून जास्त वेळ लागतो. पेटीतल्या डागी आंब्यांचा फोटो काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांनी छटा दाखवणाऱ्या रूपात बदलला, की नेमके हेच घडते. शक्य असेल तर असा फोटो ईमेलनेच पाठवावा.

इमेजमॅजिक हे मोफत साधन हे रूपांतर करते; घोस्टस्क्रिप्ट हे दुसरे मोफत साधन पीडीएफवरून तेच करते. एचईआयसी आधी पीएनजीत बदलावे, पुन्हा जेपीईजीत नको. व्हॉट्सअॅपवर मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवावी, नाहीतर ती वाटेतच आणखी दाबली जाते. अनेक पाने एकाच टिफमध्ये ठेवता येतात. पाठवून झाल्यावर यंत्र जी पोच देते, ती पाने पोहोचल्याची असते. अक्षरे लागली का, हे फोन करूनच विचारावे लागते.