सजगता आणि आत्मकरुणा (ग्रामीण विदर्भातला सराव)

सजगता, म्हणजे लोक सरळ माइंडफुलनेस म्हणतात ती, आणि आत्मकरुणा ही मन सांभाळायची दोन कौशल्यं आहेत आणि ती शिकून येतात, जन्मजात असावी लागतात असं काही नाही. सजगतेत आत्ता जे चाललंय, श्वास, कंबरेतली कळ, डोक्यात फिरणारा विचार, त्याच्याकडे चांगलं-वाईट न ठरवता लक्ष द्यायचं असतं. आत्मकरुणेत आपण चुकलो, हरलो, अडकलो की जवळच्या माणसाला जसं समजून घेतो तसंच स्वतःला घ्यायचं असतं. विदर्भातल्या खेड्यापाड्यांत पहिली गोष्ट लोकांना फारशी नवी वाटत नाही, दुसरी मात्र घशाखाली उतरत नाही, आणि खरी गरज दुसरीचीच आहे, म्हणून इथं तिच्यावरच जास्त लिहिलंय.

कुठून आलं

आजचा जो अभ्यासक्रम जगभर चालतो तो १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी सुरू केला. वर्षानुवर्षं दुखणं अंगावर काढणारे आणि औषधांनी पूर्ण बरे न होणारे पेशंट त्यांच्याकडे यायचे, त्यांना ८ आठवडे श्वासावर लक्ष, पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत अंग न्याहाळणं आणि थोडी योगासनं असं शिकवलं जायचं. दुखणं गायब होईल असं आश्वासन त्यात नव्हतं, दुखण्याशी चाललेली रोजची मारामारी कमी व्हावी एवढाच उद्देश. पुढं सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या तिघांनी हेच नैराश्य परत-परत येणाऱ्या लोकांसाठी वळवून घेतलं. आत्मकरुणेवरचं संशोधन त्यामानानं अलीकडचं, टेक्सास विद्यापीठाच्या क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये तिची व्याख्या आणि ती मोजायची २६ प्रश्नांची प्रश्नावली मांडली आणि नंतर ख्रिस्टोफर गर्मर यांच्यासोबत तिचाही ८ आठवड्यांचा कोर्स बसवला.

पण हे सगळं अमेरिकेतून आलं असं विदर्भात कोणी म्हटलं तर लोक हसतील. कबाट-झिन यांनी जिथून उचललं ती मूळ परंपरा बुद्धाची, आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्म स्वीकारल्यापासून विहार, वंदना, मैत्रीभावना हे शब्द इथल्या वस्त्या-वस्त्यांत रोजचे आहेत. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून भारतात आले, त्यांच्या विपश्यनेचं मोठं केंद्र इगतपुरीला आणि नागपूरजवळ धम्मनाग. १० दिवस मौन, आधी फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास, मग अंगावरच्या संवेदना, आणि शेवटी सगळ्यांचं भलं होवो अशी मैत्रीभावना, तेही फी न घेता, दानावर. दुसरी वाट राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९-१९६८). अमरावती जिल्ह्यातल्या गुरुकुंज मोझरीहून निघालेलं सकाळचं सामुदायिक ध्यान आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आजही कितीतरी गावांत होते, भोंग्यावर आवाज आला की म्हातारी माणसं आपापली बसायची पट्टी घेऊन निघतात. खरं बोलायचं तर बऱ्याच गावांत या दोन वाटांची माणसं एकमेकांच्या बैठकीला जात नाहीत आणि त्याचं कारण जात आहे, दुसरं काही नाही. म्हणून शिकवणाऱ्यानं विहारातही बसू नये आणि मंदिरातही बसू नये, अंगणवाडी नाहीतर झेडपीची शाळा पाहावी.

आत्मकरुणेचे भाग आणि इथली अडचण

नेफ यांच्या मांडणीत तीन गोष्टी येतात, स्वतःशी मायेनं वागणं, असं फक्त माझंच होत नाही सगळ्यांचंच होतं हे ओळखणं, आणि दुःखात वाहून न जाता ते सजगपणे पाहणं. पहिलं आणि तिसरं पुस्तकात वाचायला गोड वाटतं पण कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात मला वाटतं मधलंच सगळ्यात कामाचं आहे.

२०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीनं शिवारच्या शिवार खाल्लं. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडून पाहिलं की आत सडलेलं. सगळ्यांचंच गेलं होतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं, तरी घरी येऊन बाजेवर आडवा झालेला प्रत्येक माणूस मनात स्वतःलाच धरून बसायचा, मीच येडा, मीच फवारा उशिरा मारला, माह्याच डोक्स्यात गोटे भरले होते. पारावर हेच लोक कापसाच्या भावाबद्दल बोलतील, सरकारला शिव्या देतील, विमा कंपनीचं वाभाडं काढतील, पण सावकाराचे किती देणं आहे आणि पोरीच्या लग्नाचं कसं करणार हे एक शब्दानं काढणार नाहीत. शेजाऱ्याच्या घरातही तेच चाललेलं असतं आणि तोही काढत नाही. कर्ज तर असतंच, वरून ही लाज, आणि लाजेनं माणूस एकटा पडतो, तिथून पुढं सगळं अवघड होत जातं.

बायांचं थोडं वेगळं. त्यांच्या बचत गटात स्वतःची काळजी म्हटलं की पहिलं उत्तर येतं "माह्यासाठी कायले?", सगळ्यांचं झाल्यावर जेवायची सवय अशी एका बैठकीत सुटत नाही. अशा गटात नेफ आणि गर्मर यांच्या कोर्समधला एक सराव मात्र लगेच चालतो. विचारायचं, तुमच्या जावेचं पीक गेलं, ती रडत बसली, तिला काय म्हणाल? सगळ्या एकदम बोलतात, "जाऊ दे वो माय, सगळ्यायचंच गेलं, तू कायले रडतं, उठ, चाय पे." मग विचारायचं, आणि तुमचं गेलं तर स्वतःले काय म्हणता? इथं गप्प. मग कोणीतरी हसून म्हणते, "स्वतःले त शिव्या देतो ना वो." सगळ्या हसतात आणि मग बोलायला लागतात, आणि मुद्दा फळ्यावर लिहायची गरज राहत नाही.

शिव्यांनी होतं काय, तर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पॉल गिल्बर्ट यांच्या मांडणीप्रमाणे बाहेरचा धोका आणि आतून येणारी शिवी यात मेंदू फार फरक करत नाही, दोन्ही वेळी धोक्याची यंत्रणा चालू होते, छाती धडधडते, झोप उडते, आणि अशा वेळी डोकं पुढचा मार्ग शोधत नाही, पळायचं की भांडायचं एवढंच बघतं. मायेचा स्पर्श, हळू आवाज, लांब सोडलेला श्वास यांनी याच्या विरुद्धची, शांत करणारी यंत्रणा चालू होते, श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते हे कोणीही मनगटावर बोटं ठेवून पाहू शकतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाचे खांदे तूप-हळदीनं शेकतो आणि त्याच्या कानात आज आवतण घ्या, उद्या जेवाले या म्हणतो, वर्षभर जू ओढून त्याचा खांदा सुजलाय हे मान्य करायला कोणाला कमीपणा वाटत नाही. मालकाच्या खांद्याचं मात्र विचारायचं नसतं.

सराव कसे होतात

परदेशी कोर्समध्ये पहिल्या दिवशी एक बेदाणा हातात देऊन तो दहा मिनिटं खायला लावतात. वरूड-मोर्शीकडे त्याच्या जागी संत्र्याची फोड घेतली तर कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आधी फळ हातात धरून वजन बघायचं, साल सोलताना जो बारीक फवारा उडतो त्याचा वास, फोडीवरचे पांढरे दोरे, उन्हाकडे धरली की आत दिसणारी बी, मग दातानं हलकेच फोडायची आणि रस कुठंकुठं जातो ते पाहायचं. बागवाल्यांची गंमत अशी की त्यांना फोडीत पहिले फळगळ दिसते, मग औषधाचा खर्च, मग व्यापारी, आणि फोड गिळून झालेली असते. तेच सांगायचं, मन गेलं ना, गेलं हे कळलं ना, बस, परत आणा. मन जाणं म्हणजे सराव बिघडला असं नाही, गेलेलं ओळखून परत आणणं हाच सराव आहे, आणि हे एवढं कळलं तरी अर्धं काम होतं.

काही सल्ले मात्र इथं चालत नाहीत. "कापूस वेचताना हळूहळू, प्रत्येक बोंडाकडे लक्ष देऊन वेचा" असं सांगणाऱ्यानं आधी हे समजून घ्यावं की वेचणीची मजुरी किलोवर मिळते, हळू वेचलं तर संध्याकाळी पैसे कमी. त्यापेक्षा कमरेला बांधलेली कापसाची ओटी भरली की ती रिकामी करायला बाई धुऱ्यावर येते तेव्हा पाच श्वास, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटांच्या पेरांना जी चरचर होते तिच्याकडे जरा लक्ष, आणि परत कापसाच्या ओळीत. तसंच रात्री वीज येते त्या लाइनवर हरभऱ्याला ओलित करणाऱ्याला डोळे मिटून ध्यान सांगणं म्हणजे साप-विंचवाच्या तोंडी देणं आहे, त्यानं टॉर्च लावून, डोळे उघडे ठेवून, तळपायाला लागणारा गारवा आणि पाण्याचा आवाज यावर लक्ष ठेवलं तरी पुरतं.

आत्मकरुणेचा सगळ्यात छोटा सराव तीन वाक्यांचा आहे आणि तो आपापल्या बोलीतच म्हणावा, छापील मराठीत म्हटला की भाषणासारखा वाटतो. वऱ्हाडीत साधारण असं होतं: "आत्ता मले लय जड जाऊन राह्यलं." "असं माह्या एकट्याचंच नाही." "मी स्वतःले जरा सांभाळून घेतो." म्हणताना हात छातीवर ठेवायचा असतो, पण चारचौघात पुरुषांना ते अवघड वाटतं, मग हाताची घडी घालून आपलाच दंड धरला तरी चालतं, कोणाला कळतही नाही. पहिल्या-दुसऱ्या वेळी काहीच वाटत नाही, उलट नाटकी वाटतं, ते तसंच असतं.

पुरावा किती

२०१४ मध्ये ध्यानाच्या कार्यक्रमांच्या ४७ चाचण्या आणि ३५१५ लोकांचा एकत्र आढावा घेतला गेला, त्यात चिंता, नैराश्य आणि दुखणं यांत मध्यम दर्जाचा पुरावा आणि लहान ते मध्यम फायदा दिसला. म्हणजे उपयोग आहे, चमत्कार नाही. स्वतःला माफ केलं की माणूस आळशी होतो ही शंका गावात हमखास निघते, विशेषतः बापांकडून, तर बर्कली विद्यापीठातल्या ब्राइन्स आणि चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगांत उलटं निघालं, चाचणीत नापास झाल्यावर ज्या विद्यार्थ्यांना स्वतःकडे मायेनं पाहायला सांगितलं त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास जास्त वेळ केला.

विदर्भातलं म्हणाल तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा कार्यक्रम झाला, तो माइंडफुलनेसचा नव्हता पण इथं सांगण्यासारखा आहे. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघरी जाऊन मनाच्या आजाराबद्दल बोलणं, धीर देणं, समुपदेशन करणं आणि गरज असेल त्याला डॉक्टरकडे पोचवणं असं काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्के होतं ते १८ महिन्यांनी २७.२ टक्क्यांवर गेलं, हे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट सायकियाट्री या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. यातून मला एवढंच दिसतं की शिकवणारा मोठा गुरू नसला तरी चालतो, ओळखीचा माणूस लागतो, आशा ताई, अंगणवाडी ताई, गटाची सचिव.

मर्यादा

ध्यानानं कापसाला भाव मिळत नाही. शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज, वर पावसाचा खंड, आणि त्याला श्वास घ्या म्हणायचं याला लोक जखमेवर मीठ म्हणतात आणि ते काही चूक नाही. दोष व्यवस्थेचा आणि इलाज माणसाच्या डोक्यात, असं होऊ नये याची काळजी शिकवणाऱ्यानंच घ्यायची असते, कर्जमाफीचा अर्ज, विम्याची तक्रार, जमिनीचे कागद ही कामं आधी, श्वास त्यांच्या जोडीला.

दुसरं म्हणजे स्वतःशी मायेनं बोलायला लागल्यावर काहींना बरं वाटायच्या आधी जास्त वाईट वाटतं, वर्षांचं दाबून ठेवलेलं एकदम वर येतं, घरातली मारहाण, गेलेलं लेकरू, नवऱ्यानं घेतलेलं विष. गर्मर आणि नेफ यांनीही याची नोंद घेतलीय. अशा वेळी सराव थांबवून डोळे उघडायचे, पाय जमिनीला टेकवायचे, पाणी प्यायचं, माणसात यायचं. नुकताच मोठा आघात झालेल्या, भास होणाऱ्या किंवा फार खचलेल्या माणसाला सरळ १० दिवसांच्या मौनाच्या शिबिराला पाठवू नये, केंद्राच्या अर्जातही मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथं खरं लिहावं. चालू गोळ्या आपल्या मनानं बंद करू नयेत. कोणी मरणाचं बोलत असेल, सामान वाटून देत असेल, एकदम गप्प झाला असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, फवारणीचं औषध घरातून हलवून दुसऱ्याकडे कुलपात ठेवायचं आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन लावायचा. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयातही मानसोपचार विभाग असतो, तिथं जायला नातेवाइकानं सोबत जावं, एकट्यानं माणूस फाटकातून परत फिरतो.

राहिला वेळेचा प्रश्न. ८ आठवडे सलग, आठवड्याला अडीच तास हा मूळ साचा शहरातल्या पगारदारांना जमतो, इथं मिरगाच्या तोंडावर कोणी येणार नाही, निंदण-डवरणीत तर नाहीच. तुरी निघाल्यापासून पेरणीपर्यंतचा काळ मोकळा, पण मनाला सगळ्यात जड जातं ते पावसाचा खंड पडतो तेव्हा आणि माल घरात येऊन भाव पडतो तेव्हा. म्हणून उन्हाळ्यात पूर्ण शिकवून घ्यायचं आणि ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत बचत गटाच्या मासिक बैठकीलाच जोडून पंधरा मिनिटं बसायचं, हप्ते गोळा झाल्यावर, कारण हप्त्याच्या आधी कोणाचं लक्ष लागत नाही.