टायरवरील आकडे व खुणा (मोटारकार)

रिम आणि रस्त्याला टेकणारी नक्षी यांच्या मधला टायरचा भाग म्हणजे साइडवॉल. टायरचे माप, ताकद आणि वय यावर उठावाच्या रोमन अक्षरांत असते.

१८५/६५ आर१५ ८८एच हे आपल्याकडच्या गाड्यांवर नेहमी दिसणारे माप. १८५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. ६५ मात्र मिलिमीटर नव्हे, टक्के: साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. 'आर' रेडियल बांधणीचा (आतले धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे), त्रिज्येचा नव्हे. १५ हा रिमचा व्यास, तोही इंचांत. या खिचडीमुळेच रुंद टायर घेताना फसगत होते. १९५/६५ बसवला की रुंदीबरोबर उंचीही वाढते. चाकाचा व्यास ६२१ वरून ६३४ मिमीपर्यंत जातो आणि काटा १०० दाखवताना गाडी सुमारे २ टक्के जास्त वेगाने धावते. १९५/६० घेतल्यास फरक साधारण एक टक्काच, उलट दिशेने.

८८ हा भारांक आहे, किलो नव्हेत. त्याचा अर्थ एका टायरवर ५६० किलो. ९१ असेल तर ६१५. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे: टी १९०, एच २१०, व्ही २४० किमी प्रतितास. एच वर्णक्रम मोडून यू आणि व्हीच्या मध्ये बसतो.

खरेदीत सर्वाधिक दुर्लक्ष होते ते लंबगोल चौकटीतल्या चार आकड्यांकडे. ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५वा आठवडा. हे आकडे अनेकदा एकाच बाजूला असतात. बाहेरून दिसले नाहीत तर आतली बाजू पाहावी. स्टेपनीचेही वाचावेत: न वापरलेले रबरही कडक होऊन चिरते. नक्षी शाबूत असली तरी दहा वर्षांनंतर टायर बदला, असे काही उत्पादक सांगतात.

'मॅक्स' शब्दापुढचा ४४ किंवा ५१ पीएसआय हा आकडा हवा भरण्यासाठी नाही. ती टायरची कमाल मर्यादा. गाडीसाठी योग्य हवा सहसा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असते. मर्यादेइतकी भरली तर टायर मधोमध झिजतो आणि पकड घटते. कमी हवेने दोन्ही कडा जातात.

साइडवॉलवरील 'टीडब्ल्यूआय' (झीज दाखवणारी खूण) किंवा त्रिकोणाच्या रेषेत नक्षीच्या खाचेत पाहिल्यास १.६ मिमी उंचीची आडवी पट्टी सापडते. नक्षी तिला भिडली की टायर संपला. बाण असल्यास फिरण्याची दिशा तीच ठेवावी. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. नव्या टायरवरचा पिवळा ठिपका हलकी बाजू दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ आणून बसवतात.