पर्ल हार्बरच्या बचावलेल्यांचे मेळावे

जपानी विमानांनी ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बर बंदरावर हल्ला केला, तेव्हा तेथे नेमणुकीवर असलेल्या अमेरिकी नौसैनिकांनी व इतर सैनिकांनी युद्धानंतर एकमेकांना शोधून सुरू केलेली एकत्र जमण्याची प्रथा. ‘पर्ल हार्बर सर्व्हायव्हर्स असोसिएशन’ ही त्यातून उभी राहिलेली संघटना. जुन्या सवंगड्यांचे स्नेहमेळावे एवढीच या प्रथेची ओळख करून दिली, तर ती अपुरी पडते. जे त्या दिवशी वाचले, त्यांनी न वाचलेल्यांची साथ सत्तर-पंचाहत्तर वर्षे सोडली नाही, हे तिचे खरे स्वरूप आहे.

पर्ल हार्बर हे हवाई बेटसमूहातील ओआहू बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरचे बंदर. त्या रविवारी सकाळी फोर्ड बेटाच्या कडेने युद्धनौका ओळीने नांगरलेल्या होत्या, काही ठिकाणी दोन-दोन एकमेकींना लागून. ७ वाजून ५५ मिनिटांनी हल्ला सुरू झाला आणि सुमारे दोन तासांत २,४०३ अमेरिकी मरण पावले. त्यांपैकी ‘ॲरिझोना’ या युद्धनौकेच्या पुढच्या भागातील दारूगोळ्याचा स्फोट होऊन तिच्यावरचे १,१७७ जण गेले. ‘ओक्लाहोमा’ उलटली आणि ४२९ जणांना घेऊन गेली. तिच्या वर आलेल्या तळाला भोके पाडून गोदी कामगारांनी ३२ जणांना जिवंत बाहेर काढले.

बचावलेले अनेक जण पुढे कित्येक वर्षे याविषयी घरातही बोलले नाहीत. ‘वेस्ट व्हर्जिनिया’ची हकिगत वाचली की त्याचे कारण कळते. ही नौका बंदराच्या तळाशी टेकली, पण तिच्या पोटातल्या एका बंद कप्प्यात तीन तरुण नौसैनिक जिवंत होते. धक्क्यावर पहारा करणाऱ्यांना आतून ठोकल्याचा आवाज ऐकू येई. भोक पाडावे तर पाणी आत शिरून माणसे बुडणार, शिवाय पाण्यावर तेल पसरलेले. काहीच करता येत नव्हते. रात्री सारे शांत झाले की आवाज अधिकच स्पष्ट होई, आणि त्या पहाऱ्यावर जायला कुणी धजेना. १९४२ मध्ये नौका वर काढल्यावर त्या कप्प्यात एक दिनदर्शिका सापडली. तिच्यावर २३ डिसेंबरपर्यंतच्या तारखांवर खुणा केलेल्या होत्या. असा आवाज ज्याने ऐकला, त्याला तो कुणाला सांगता येणार? तो ऐकलेल्या दुसऱ्यालाच.

१९५४ मध्ये कॅलिफोर्नियात काही मोजके जण जमले आणि १९५८ मध्ये संघटना रीतसर स्थापन झाली. सभासदत्वाची अट काटेकोर होती : हल्ल्याच्या वेळी, म्हणजे सकाळी ७.५५ ते ९.४५ या दरम्यान, ओआहू बेटावर किंवा किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत लष्करी सेवेत हजर असलेली व्यक्ती. हुद्द्याची अट नव्हती. गावोगावी शाखा निघाल्या, ‘पर्ल हार्बर-ग्रॅम’ हे वार्तापत्र निघू लागले, आणि फुलाफुलांचे हवाईयन शर्ट व पांढऱ्या टोप्या घातलेली ही माणसे दर ७ डिसेंबरला ओळखू येऊ लागली. ‘पर्ल हार्बर ध्यानात ठेवा, अमेरिकेला सावध ठेवा’ हे त्यांचे बोधवाक्य.

‘वेस्ट व्हर्जिनिया’वरचा बिगूलवादक रिचर्ड फिस्क अनेक वर्षे जपान्यांविषयीचा द्वेष मनात घेऊन जगला. १९९१ मध्ये, हल्ल्याच्या पन्नासाव्या वर्षी, त्याची भेट हल्ल्यात भाग घेतलेला जपानी वैमानिक झेंजी आबे याच्याशी झाली. आबेने क्षमा मागितली. ‘ॲरिझोना’च्या स्मारकावर दर महिन्याला गुलाबाची दोन फुले वाहावीत, एक आपल्या वतीने व एक फिस्कच्या वतीने, आणि बिगुलावर मानवंदना वाजवावी, अशी विनंती करून त्याने त्यासाठी पैसेही दिले. फिस्कने हे व्रत निष्ठेने पाळले. सर्वच बचावलेल्यांना असा समेट जमला नाही, आणि त्यांना त्याबद्दल दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

‘ॲरिझोना’वरून वाचलेले ३३५ जण होते. बुडालेल्या नौकेवर १९६२ मध्ये स्मारक उभे राहिले. नौसैनिकांपैकी नऊशेहून अधिक जण अजून तिच्यातच आहेत. १९८२ पासून तिच्यावरून वाचलेल्यांना मरणानंतर तेथे परतण्याची मुभा मिळाली. पाणबुडे रक्षाकलश खाली नेऊन चौथ्या तोफमंचाच्या पोकळीत ठेवतात. अशा रीतीने ४४ जण आपल्या साथीदारांकडे गेले. शेवटचे लॉरेन ब्रुनर, ७ डिसेंबर २०१९ रोजी. इतर नौकांवरच्या बचावलेल्यांच्या रक्षेचे विसर्जन बंदराच्या पाण्यात करता येते.

आठवणीचे रूपांतर कामात कसे होते, हे रे एमरी यांनी दाखवले. ‘होनोलुलू’ या क्रूझर प्रकारच्या युद्धनौकेवर मशीनगन चालवलेले एमरी उतारवयात हवाईत स्थायिक झाले. तेथील पंचबोल राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना शेकडो थडगी नुसत्या ‘अज्ञात’ या शब्दाची दिसली. त्यांनी दफनाच्या जुन्या नोंदी, दातांचे तपशील व वैद्यकीय कागद एकेक करून पडताळले. कुठल्या थडग्यात कुठल्या नौकेवरचे नौसैनिक आहेत हे त्यांना सांगता येऊ लागले, आणि अनेक शिळांवर निदान नौकेचे नाव कोरले गेले. त्यांच्या पुराव्यावरून २००३ मध्ये ‘ओक्लाहोमा’वरील मृतांची एक शवपेटी उघडली. पुढे २०१५ मध्ये त्या नौकेवरील अनोळखी मृतांचे सर्व अवशेष बाहेर काढण्याचा निर्णय झाला. डीएनए चाचण्यांनी साडेतीनशेहून अधिक जणांची ओळख पटली आणि ते आपापल्या गावी पोहोचले. ज्यांची पटली नाही, त्यांना ७ डिसेंबर २०२१ रोजी पुन्हा सन्मानाने पुरण्यात आले.

सभासद नव्वदीच्या घरात पोहोचल्याने संघटना ३१ डिसेंबर २०११ रोजी विसर्जित झाली. वार्षिक स्मरणाचे काम त्यांच्या मुलामुलींच्या संघटनेने पुढे नेले. ‘ॲरिझोना’वरील अखेरचे बचावलेले लू कॉन्टर १ एप्रिल २०२४ रोजी १०२ व्या वर्षी वारले.

एमरी २०१८ च्या जूनमध्ये हवाई सोडून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेले. निघण्यापूर्वी ‘होनोलुलू’ जेथे बांधलेली असे, तो धक्का एकदा पाहण्याची त्यांची इच्छा होती. तेथे पाचशेहून अधिक तरुण नौसैनिक दोन्ही बाजूंना सलामीत उभे होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.