अमेरिकेची पंधरावी घटनादुरुस्ती: मताचा हक्क आणि तो नाकारण्याच्या वाटा

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की ओळखपत्रांचे नियम, मतदारयाद्यांची छाटणी आणि मतदारसंघांची फेरआखणी यांवरून खटले उभे राहतात. यातले बरेच खटले 1870 मध्ये पंधराव्या दुरुस्तीने घटनेत आलेल्या एका वाक्यापर्यंत मागे नेता येतात. वंश, वर्ण किंवा पूर्वीची गुलामगिरी या कारणांवरून नागरिकाचं मत नाकारता येणार नाही किंवा त्याला कात्री लावता येणार नाही, एवढंच ते वाक्य सांगतं. मत देण्याचा हक्क ते कुणालाच देत नाही. आपल्या घटनेचं 326वं कलम प्रौढ मताधिकार थेट मांडतं. अमेरिकेत मतदार कोण हे आधी राज्यांनी ठरवायचं आणि घटनेने काही कारणं तेवढी वर्ज्य करायची, असा प्रकार आहे.

1787 च्या घटनेत प्रतिनिधिगृहाच्या जागांसाठी लोकसंख्या धरताना एका गुलामाला तीन-पंचमांश माणूस मोजून गुलामगिरीच्या दक्षिणेच्या जागा वाढवल्या गेल्या, हे बहुतेकांना माहीत असतं. त्या हिशेबाचं यादवी युद्धानंतर काय झालं, हे फारसं सांगितलं जात नाही. 1865 मध्ये तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली. 1860 च्या जनगणनेत गुलाम म्हणून नोंदलेली माणसं 39 लाखांहून जास्त होती, आणि आता ती पूर्ण मोजली जाणार होती. म्हणजे युद्ध हरलेल्या दक्षिणेला प्रतिनिधिगृहात आधीपेक्षा जास्त जागा मिळणार होत्या आणि मत मात्र गोऱ्यांच्याच हातात राहणार होतं. ही पळवाट बंद करण्यासाठी 1868 च्या चौदाव्या दुरुस्तीत एक शिक्षा घातली गेली. राज्याने 21 वर्षांवरच्या पुरुष नागरिकांना मत नाकारलं, तर त्या प्रमाणात त्याच्या जागा कापायच्या. आजवर एकाही राज्याची एकही जागा या तरतुदीखाली कापली गेलेली नाही.

गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या उत्तरेला कृष्णवर्णीयांचं मत मान्य होतं, हा समज कागदावर टिकत नाही. न्यूयॉर्कने 1821 मध्ये फक्त कृष्णवर्णीय मतदारांसाठी 250 डॉलरच्या मालमत्तेची अट ठेवली. पेनसिल्व्हेनियाने 1838 मध्ये त्यांचं मत काढूनच घेतलं. युद्ध संपल्यावरही 1865 मध्ये कनेक्टिकट आणि विस्कॉन्सिन, 1867 मध्ये ओहायो आणि कॅन्सस इथल्या गोऱ्या मतदारांनी कृष्णवर्णीयांना मत देण्याचा प्रस्ताव जनमत घेऊन फेटाळला. त्याच 1867 मध्ये संसदेने दक्षिणेवर लष्करी देखरेख बसवली आणि तिथे सुमारे 7 लाख कृष्णवर्णीय पुरुषांची मतदार म्हणून नोंद झाली. दक्षिणेत सक्ती आणि उत्तरेत मनाई, हा विरोधाभास सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाला फार काळ झाकता येणार नव्हता. शिवाय 1868 ची अध्यक्षीय निवडणूक तो पक्ष सुमारे 3 लाख मतांच्या फरकाने जिंकला होता, आणि दक्षिणेतल्या नव्या मतदारांशिवाय हा फरक उरला नसता. पंधराव्या दुरुस्तीमागे तत्त्व होतं तसंच हे गणितही होतं.

1869 च्या फेब्रुवारीत संसदेत जे घडलं, ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत निर्णायक वळण वाटतं. तेव्हा दोन प्रकारचे मसुदे समोर होते. एकात फक्त वंश, वर्ण आणि पूर्वीची गुलामगिरी ही तीन कारणं होती. दुसरा व्यापक होता. जन्मस्थान, मालमत्ता, शिक्षण आणि धर्म यांवरूनही मत नाकारता येऊ नये आणि निवडून येण्याचा हक्कही सुरक्षित राहावा, असं तो म्हणत होता. हा मसुदा मांडणाऱ्यांना पुढचं दिसत होतं. वर्णाचं नाव न घेता मालमत्तेची किंवा शिक्षणाची अट घातली की नुकताच मोकळा झालेला माणूस आपोआप बाहेर पडेल, हे त्यांनी सभागृहात बोलूनही दाखवलं. कायद्याने ज्याला अक्षर शिकू दिलं नाही आणि ज्याच्या नावावर काही राहू दिलं नाही, त्याच्या बाबतीत हे भाकीत करायला फार दूरदृष्टी लागत नव्हती.

सिनेटने व्यापक मसुदा मंजूर केला, प्रतिनिधिगृहाने तो नाकारला. काही दिवसांनी प्रतिनिधिगृहाने स्वतःचा व्यापक मसुदा मंजूर केला, तोवर सिनेट मागे सरली होती. दोन्ही सभागृहांनी वेगवेगळ्या दिवशी व्यापक भाषा स्वीकारली, पण एका मजकुरावर त्यांची मतं जुळली नाहीत. अखेर संयुक्त समितीने सर्वांत अरुंद शब्द निवडले आणि निवडून येण्याच्या हक्काचा उल्लेखही गाळला. 26 फेब्रुवारीला सिनेटने त्यावर शिक्कामोर्तब केलं.

असं का झालं? दक्षिणेपेक्षा उत्तर आणि पश्चिमेकडे पाहिलं तर उत्तर सापडतं. मॅसॅच्युसेट्स आणि कनेक्टिकटमध्ये 1850 च्या दशकापासून साक्षरतेची अट होती, ती आयरिश स्थलांतरितांना रोखण्यासाठी. ऱ्होड आयलंडमध्ये परदेशात जन्मलेल्यांना मालमत्तेची अट होती. कॅलिफोर्नियाला चिनी मजुरांच्या हाती मत जाण्याची धास्ती होती. या राज्यांना आपापल्या चाळण्या टिकवायच्या होत्या, आणि तीन-चतुर्थांश राज्यांच्या संमतीशिवाय दुरुस्ती होणार नव्हती. दक्षिणेला पुढे ज्या पळवाटा सापडल्या, त्या उत्तरेने स्वतःसाठी उघड्या ठेवल्या होत्या. समितीला दुसरा मार्ग नव्हता, असं तिच्या बचावात म्हटलं जातं. संमती मिळवण्याची अडचण खरीच होती. पण ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्यांना त्याची किंमत जवळपास शंभर वर्षं मोजावी लागली, आणि ती किंमत काय असेल हे त्या सभागृहात सांगून झालं होतं.

स्त्रियांचा प्रश्न याच दुरुस्तीने बाजूला सारला; वर्ज्य कारणांत लिंग नव्हतं. गुलामगिरीविरोधी चळवळीत खांद्याला खांदा लावून लढलेल्या कार्यकर्त्यांत 1869 मध्ये उभी फूट पडली आणि स्त्री-मताधिकाराच्या दोन वेगळ्या संघटना झाल्या.

महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं ते 1873 मध्ये. त्याच वर्षी 13 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्स इथे निवडणुकीच्या निकालावरून सशस्त्र गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांची कत्तल केली. खून पडलेल्यांत शरण आलेलेही होते. 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणातल्या मोजक्या शिक्षाही रद्द ठरवल्या. त्याच दिवशी केंटकीतल्या एका मतदाराच्या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की पंधरावी दुरुस्ती कुणालाही मताधिकार बहाल करत नाही. 1877 मध्ये दक्षिणेतल्या राज्यांच्या कारभारामागचा लष्कराचा आधार निघून गेला.

1890 मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. तिच्या मताधिकाराच्या अटींत कुठेही वर्णाचा उल्लेख नव्हता. 2 डॉलरचा मतदान कर होता. घटनेचं कलम वाचता यावं, किंवा दुसऱ्याने वाचलेलं समजावून सांगता यावं अशी अट होती, आणि समजलं की नाही हे नोंदणी अधिकारी ठरवणार होता. शिवाय काही गुन्ह्यांसाठी मत कायमचं जाणार होतं. त्या यादीत चोरी, जाळपोळ, खोटी साक्ष, द्विविवाह होते, खून नव्हता. कृष्णवर्णीय कोणते गुन्हे अधिक करतात याच्या गोऱ्या समजुतीवरून ती बेतली होती, आणि राज्याच्याच सर्वोच्च न्यायालयाने 1896 मध्ये हे जवळपास उघड मान्य केलं. 1898 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने या घटनेत काही गैर पाहिलं नाही. बाकीच्या राज्यांनी कित्ता गिरवला. लुईझियानात 1896 मध्ये 1 लाख 30 हजारांवर कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. 1904 मध्ये 1,342 उरले.

अलाबामाच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 1903 चा निकाल मला यापेक्षाही जिव्हारी लागतो. माँटगोमेरीतल्या एका कृष्णवर्णीय नागरिकाने नोंदणीसाठी दाद मागितली होती. न्यायालयाचा युक्तिवाद असा, की सगळी नोंदणीच लबाडीची आहे असं तुम्ही म्हणता, तर त्या लबाडीत तुमचंही नाव घालायला आम्हाला कसं सांगता? आणि गोऱ्यांचा मोठा समुदाय कृष्णवर्णीयांना रोखत असेल, तर यादीत नाव घालणं कोरा कागद ठरेल; दाद मागायची तर राज्यातल्या जनतेकडे किंवा संसदेकडे. ज्याच्याकडे मत नाही त्याला जनतेकडे आणि संसदेकडे जायला सांगितलं गेलं.

मग संसद खऱ्या अर्थाने हलायला 62 वर्षं गेली. 7 मार्च 1965 ला अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपलं, ती दृश्यं घरोघरी दूरचित्रवाणीवर पोचली, आणि 6 ऑगस्टला मताधिकार कायद्यावर सही झाली. त्याचं मर्म पूर्वमंजुरीत होतं. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाचा कोणताही नियम बदलण्याआधी केंद्राची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची परवानगी घ्यायची. पुरावा देण्याची जबाबदारी मतदारावरून राज्यावर गेली. मिसिसिपीत मतदानाच्या वयाच्या कृष्णवर्णीयांपैकी नोंदलेले 7 टक्क्यांच्या आत होते, ते दोन-तीन वर्षांत निम्म्याहून अधिक झाले.

25 जून 2013 ला सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी पूर्वमंजुरीची राज्यं ठरवणारं सूत्र जुनं झालं म्हणून रद्द केलं. टेक्ससने त्याच दिवशी अडून राहिलेला ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनाने काही आठवड्यांत केलेला कायदा अपील न्यायालयाने 2016 मध्ये हेतुपुरस्सर भेदभाव म्हणून रद्द केला. पण तोवर त्या राज्यातल्या निवडणुका होऊन गेल्या होत्या.

चौदाव्या दुरुस्तीतली न वापरलेली शिक्षा मात्र भलत्याच कामी आली. तिच्यात बंड ‘किंवा अन्य गुन्हा’ करणाऱ्यांचा अपवाद आहे. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अपवादावर बोट ठेवून शिक्षा भोगून सुटलेल्यांचं मत काढून घेणं वैध ठरवलं. फ्लोरिडाच्या मतदारांनी 2018 मध्ये सुमारे 65 टक्के मतांनी अशा बहुतेकांना मत परत दिलं. 2019 मध्ये तिथल्या विधिमंडळाने आधी सगळे दंड आणि न्यायालयीन शुल्क भरण्याची अट घातली, आणि 2020 मध्ये अपील न्यायालयाने ती मान्य केली. मालमत्तेवरून मत नाकारू नये, ही 1869 च्या मसुद्यातली ओळ घटनेत आली असती, तर त्या न्यायालयाला हा निकाल इतक्या सहज देता आला नसता.